१,७६,६३,१९,०४९ : एका मोठ्या संख्येचे गुणधर्म वहीवर कसे शोधावेत

चाळीसगावच्या दक्षिणेस, गौताळा-औट्रम घाटाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला खानदेशातून दरवर्षी हजारो लोक जातात, परंतु तेथे सापडलेल्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखाविषयी फार थोड्यांना माहिती असते. यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्याने त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. (तापी-पूर्णा संगमावरच्या गावाला ज्यांचे नाव आहे ते योगी चांगदेव वेगळे आणि हा गणिती घराण्यातला चांगदेव वेगळा, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते.) त्या मठात जे ग्रंथ शिकवले जावेत अशी अपेक्षा होती, त्यांतील बीजगणित या भागात एक उदाहरण आहे आणि त्या उदाहरणाच्या उत्तरात आजच्या लेखाची संख्या आहे : १,७६,६३,१९,०४९.

एखादी मोठी पूर्ण संख्या हाती आली असता तिचे गुणधर्म वही, पेन्सिल आणि बारा आकडी साधा कॅल्क्युलेटर एवढ्या सामग्रीवर कसे शोधावेत, याची रीत मी येथे या एकाच संख्येच्या आधाराने मांडतो. संगणक हे काम क्षणार्धात करतो, हे खरे आहे. परंतु संगणक फक्त उत्तर देतो, आणि नववी-दहावीच्या मुलांना शिकवताना माझा अनुभव असा आहे की ज्याने एक मोठी संख्या स्वतःच्या हाताने उलगडली, त्याला पुढच्या संख्येची भीती वाटत नाही. साधारण एका दुपारचे हे काम आहे.

संख्या उतरवून घेणे

हे काम क्षुल्लक वाटते, पण निम्म्या चुका येथेच होतात. संख्या प्रथम आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहावी आणि मोठ्याने वाचावी : एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. त्यानंतर अंकांची बेरीज करावी. १ + ७ + ६ + ६ + ३ + १ + ९ + ० + ४ + ९ = ४६, आणि ४ + ६ = १०, म्हणजे नवाने भागल्यास बाकी १ उरते. ही बाकी समासात लिहून ठेवावी, कारण पुढे प्रत्येक गुणाकार तपासताना ती उपयोगी पडते.

मात्र नवाच्या कसोटीवर एकट्या विसंबून राहू नये. एकदा मी फळ्यावर ही संख्या लिहिताना मधले शून्य गाळले आणि १७,६६,३१,९४९ असे लिहिले. अंकांची बेरीज तशीच ४६ आली आणि चूक अर्धा तास कोणाच्याही लक्षात आली नाही. गळालेले शून्य आणि अदलाबदल झालेले शेजारचे दोन अंक या दोन्ही चुका नवाच्या कसोटीला दिसत नाहीत. म्हणून अकराची कसोटीही लगेच लावावी. उजवीकडून एकाआड एक अधिक व उणे चिन्ह देत गेल्यास ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ० येते. शून्य गाळलेल्या संख्येत हेच उत्तर १० आले असते आणि चूक तत्काळ पकडली गेली असती.

लहान संख्यांनी भाग

अकराच्या कसोटीने आपल्याला केवळ बिनचूकपणाची खात्री दिलेली नाही, तर पहिला विभाजकही दिला आहे. उत्तर शून्य आले, म्हणजे ११ ने निःशेष भाग जातो.

सात, अकरा आणि तेरा यांची एकत्रित कसोटी माहीत नसेल तर ती शिकून घ्यावी, कारण ७ × ११ × १३ = १००१ या एका गोष्टीवर ती उभी आहे. येथे आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम उपयोगाचे नाहीत; उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावे लागतात : १ | ७६६ | ३१९ | ०४९. आता ४९ − ३१९ + ७६६ − १ = ४९५. मूळच्या संख्येला ७, ११ किंवा १३ ने भागल्यावर जी बाकी उरेल तीच ४९५ ला भागल्यावर उरते. सातने बाकी ५, तेराने बाकी १, अकराने शून्य. दोन, तीन आणि पाच यांचा प्रश्न नाही, कारण संख्या विषम आहे, अंकांची बेरीज तिनाच्या पटीत नाही आणि शेवटी ९ आहे.

११ ने भागल्यास १६,०५,७४,४५९ उरतात. या संख्येला पुन्हा अकराची कसोटी लावल्यास उत्तर १ येते, म्हणून ११ एकदाच येतो. एखादा अवयव सापडल्यावर तो दुसऱ्यांदा तर येत नाही ना, हे पाहण्याचे अनेक जण विसरतात.

आता पुढे किती दूर जावे लागेल, याचा अंदाज घ्यावा. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४२,०२७ आणि ४२,०२८ यांच्या दरम्यान आहे, तर ११ ने भागून उरलेल्या संख्येचे वर्गमूळ १२,६७१ पेक्षा किंचित मोठे आहे. म्हणजे एक लहानसा अवयव सापडल्याने शोधाची मर्यादा तिपटीहून अधिक खाली आली. तरीही १२,६७१ पर्यंतच्या मूळ संख्या सुमारे दीड हजार आहेत आणि दीड हजार भागाकार हाताने करणे शहाणपणाचे नाही. या टप्प्यावर भागाकार थांबवावा आणि संख्येचे शेजारी पाहावेत.

शेजाऱ्यांची विचारपूस

कोणतीही मोठी संख्या समोर आली की तिच्यातून १ वजा करून आणि तिच्यात १ मिळवून येणाऱ्या संख्या पाहाव्यात, ही सवय मला सर्व कसोट्यांपेक्षा अधिक मोलाची वाटते. आपली संख्या विषम असल्याने दोन्ही शेजारी सम आहेत. दोघांचेही निम्मे करावे.

डावीकडचा शेजारी १,७६,६३,१९,०४८. त्याचे निम्मे ८८,३१,५९,५२४. कॅल्क्युलेटरवर याचे वर्गमूळ काढल्यास दशांश चिन्हापुढे काहीही न येता नेमके २९,७१८ येते.

उजवीकडचा शेजारी १,७६,६३,१९,०५०. त्याचे निम्मे ८८,३१,५९,५२५. हा पूर्ण वर्ग नाही. परंतु ६१ ने भागल्यास १,४४,७८,०२५ उरतात आणि त्याचे वर्गमूळ नेमके ३८०५ आहे.

म्हणजे ही संख्या लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज आहे. त्यांतील पहिली पूर्ण वर्ग आहे आणि दुसरी पूर्ण वर्गाची ६१ पट आहे. आता दोन्ही शेजाऱ्यांचा गुणाकार केला, तर एका बाजूला आपल्या संख्येच्या वर्गातून १ वजा केल्याचे उत्तर येते आणि दुसऱ्या बाजूला ६१ गुणिले (२ × २९,७१८ × ३८०५) चा वर्ग. कंसातील गुणाकार २२,६१,५३,९८० आहे. थोडक्यात, २२,६१,५३,९८० च्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यास १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग मिळतो.

हे सरळ वर्ग करून तपासण्याच्या फंदात पडू नये. एक वर्ग एकोणीस आकडी आणि दुसरा सतरा आकडी आहे, बारा आकडी कॅल्क्युलेटरमध्ये ते मावत नाहीत, आणि नेहमीच्या स्प्रेडशीटमध्येही पंधरा अंकांपलीकडे अचूकता राहत नसल्याने वजाबाकीचे उत्तर भलतेच येते. शेजाऱ्यांच्या मार्गाने तपासल्यास सर्व आकडे दहा अंकांच्या आत राहतात.

संख्येचा जन्म : चक्रवाल पद्धत

६१ हा आकडा का आला, हे समजल्याशिवाय पुढचे काम अंधारात होईल. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातील बीजगणितात वर्गप्रकृतीचा प्रश्न आहे : अशी कोणती संख्या, की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? येथे ६१ ही प्रकृती, मिळवलेला १ हा क्षेप, शोधायची लहान संख्या ती कनिष्ठ आणि मोठ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ. आपली संख्या म्हणजे या प्रश्नातील सर्वांत लहान ज्येष्ठ. कनिष्ठासाठी १, २, ३ असे क्रमाने प्रत्येक आकडा तपासत जाणाऱ्याने सेकंदाला एक आकडा तपासला आणि रात्रंदिवस विश्रांती घेतली नाही, तरी त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. फ्रान्समधील फर्मा याने १६५७ मध्ये आपल्या समकालीन गणितींपुढे आव्हान म्हणून जे प्रश्न ठेवले, त्यांत हाच ६१ होता. आपल्याकडे त्याचे उत्तर त्यापूर्वी पाच शतके लिहून ठेवलेले होते.

रीत अशी. ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ येतो असा अंक घ्यावा. ८ × ८ − ६१ × १ × १ = ३. म्हणून ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३ हा पहिला त्रिक. आता असा गुणक निवडावा, की कनिष्ठाला त्याने गुणून ज्येष्ठ मिळवले असता बेरजेस क्षेपाने निःशेष भाग जाईल आणि गुणकाचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. ८ मध्ये १, ४, ७ किंवा १० मिळवल्यास ३ ने भाग जातो; त्यांतील ७ चा वर्ग ४९ हा ६१ ला सर्वांत जवळचा आहे. गुणक ७ घेतल्यावर

नवे कनिष्ठ = (१ × ७ + ८) ÷ ३ = ५
नवे ज्येष्ठ = (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९
नवा क्षेप = (७ × ७ − ६१) ÷ ३ = −४

पडताळा पाहावा : ३९ × ३९ = १५२१, ६१ × ५ × ५ = १५२५, वजाबाकी −४. हेच चक्र फिरवत राहिले असता क्षेप १ पर्यंत पोहोचता येते आणि त्यावरूनच पद्धतीला चक्रवाल हे नाव पडले. परंतु क्षेप −४ आला की चक्र थांबवून ब्रह्मगुप्ताच्या भावनेचा आधार घेता येतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये सांगितलेली ही कृती पाठ करून ठेवण्याजोगी आहे : दोन त्रिके घेतली असता, ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले कनिष्ठांचा गुणाकार हे नवे ज्येष्ठ, वज्राभ्यास म्हणजे तिरक्या गुणाकारांची बेरीज हे नवे कनिष्ठ, आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप.

ज्येष्ठ व कनिष्ठ दोन्ही निम्मी केल्यास क्षेप चौथाई होतो, म्हणून ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२, क्षेप −१. या त्रिकाची त्याच्याशीच भावना केल्यास ज्येष्ठ १५२३/२, कनिष्ठ १९५/२, क्षेप १ मिळतो. उत्तर अपूर्णांकात आहे, पण ते बाजूला टाकू नये. त्यातील १५२३ हा आकडा वर्तुळ करून ठेवावा. या दोन त्रिकांची परस्पर भावना केल्यास (३९ × १५२३ + ६१ × ५ × १९५) ÷ ४ = १,१८,८७२ ÷ ४ = २९,७१८ हे ज्येष्ठ, ३८०५ हे कनिष्ठ आणि −१ हा क्षेप मिळतो. शेजाऱ्यांकडून कळलेले दोन्ही आकडे येथे पुन्हा भेटतात. शेवटी या त्रिकाची त्याच्याशीच भावना केली की क्षेप १ होतो, ज्येष्ठ ८८,३१,५९,५२४ + ८८,३१,५९,५२५ म्हणजे आपली संख्या येते आणि कनिष्ठ २ × २९,७१८ × ३८०५. दहा आकडी संख्या इतक्या थोड्या पायऱ्यांत हाती येते, याचे मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटते.

मूळ अवयव

आता थांबवलेले भागाकार पुन्हा सुरू करावेत, मात्र डोळे उघडे ठेवून. आपली संख्या २ × (२९,७१८ चा वर्ग) + १ अशी आहे. एखाद्या वर्गाच्या दुपटीत १ मिळवून होणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ च ठेवतो, हा संख्यासिद्धान्तातील सिद्ध झालेला नियम आहे. त्यामुळे ७, १३, २३, २९, ३१, ३७ अशा निम्म्या मूळ संख्या न तपासता वगळता येतात. ११ नंतर उमेदवार उरतात ते १७, १९, ४१, ४३, ५९ असे. १६,०५,७४,४५९ ला पहिल्या चारांनी भाग जात नाही. ५९ ने जातो आणि २७,२१,६०१ उरतात.

येथपर्यंत सोपे होते. २७,२१,६०१ चे वर्गमूळ सुमारे १६५० आहे आणि नियमाने निम्मे उमेदवार गळाले तरी शंभराच्या आसपास भागाकार शिल्लक राहतात, कारण पुढचा अवयव बराच दूर आहे. या ठिकाणी जन्मकथा कामाला येते. ३९/२ च्या त्रिकाच्या सहा प्रती भावनेने जोडल्या की आपली संख्या होते. दोन प्रती जोडल्या की १५२३/२ होतो. म्हणून आपली संख्या म्हणजे १५२३/२ च्या त्रिकाच्या तीन प्रतींची भावना. क्षेप १ असलेले ज्येष्ठ ‘प’ चे निम्मे असेल, तर तीन प्रतींच्या भावनेचे ज्येष्ठ प × (प × प − ३) ÷ २ एवढे येते. हे सूत्र प्रकृती ५ घेऊन पडताळून पाहावे : ३/२ आणि १/२ यांचा क्षेप १ आहे, सूत्राने ३ × (९ − ३) ÷ २ = ९ येते, आणि ९ × ९ − ५ × ४ × ४ = १ हे बरोबर आहे. आता प च्या जागी १५२३ घातल्यास

१५२३ × (२३,१९,५२९ − ३) ÷ २ = १५२३ × ११,५९,७६३

म्हणजे १५२३ हा विभाजक असलाच पाहिजे, एकही शोध-भागाकार न करता. २७,२१,६०१ ला १५२३ ने भागल्यास १७८७ उरतात.

हे दोघे मूळ आहेत काय? १५२३ चे वर्गमूळ ३९ च्या थोडे पुढे आणि १७८७ चे ४२ च्या थोडे पुढे. नियमानुसार ४२ पर्यंतचे उमेदवार फक्त ३, ११, १७, १९ आणि ४१. तीनने आपल्या संख्येलाच भाग जात नाही, अकरा दुसऱ्यांदा येत नाही हे आपण आधीच पाहिले, आणि १७, १९, ४१ आधीच निकालात निघाले आहेत. नवा भागाकार न करता दोन्ही मूळ ठरतात.

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

केळीच्या घडाच्या फण्या सुट्या केल्या की घड पुरता मोजता येतो, तसे आता पुढचे सारे सोपे आहे. पण त्याआधी समासातल्या बाक्या वापरून पडताळा घ्यावा. नवाने भागल्यास चार अवयवांच्या बाक्या २, ५, २, ५. त्यांचा गुणाकार १००, बाकी १, जुळली. सातने बाक्या ४, ३, ४, २. गुणाकार ९६, बाकी ५, जुळली. तेराने बाक्या ११, ७, २, ६. गुणाकार ९२४, बाकी १, तीही जुळली.

अवयवांवरून कळणारे गुणधर्म

चार मूळ अवयव प्रत्येकी एकदाच आले आहेत, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६ आणि १ सोडून कोणत्याही वर्गाने या संख्येला भाग जात नाही. विभाजकांची बेरीज १२ × ६० × १५२४ × १७८८ = १,९६,१९,३६,६४०; त्यातून संख्या स्वतः वजा केल्यास १९,५६,१७,५९१ उरतात, जे संख्येच्या मानाने फारच थोडे आहेत. संख्येपर्यंतच्या ज्या संख्यांचा तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही, अशा १० × ५८ × १५२२ × १७८६ = १,५७,६६,०९,३६० आहेत, म्हणजे शंभरांतून सुमारे ८९.

तिचे कनिष्ठ भावंड स्वभावाने नेमके उलट आहे. २२,६१,५३,९८० = ४ × ९ × ५ × १३ × १२७ × ७६१. त्याचे विभाजक १४४ आहेत आणि स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज ५१,९४,११,२०४ भरते, म्हणजे संख्येच्या दुपटीहूनही अधिक. ज्येष्ठाचा वर्ग आणि कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट यांत केवळ १ चे अंतर असल्याने दोघांत एकही मूळ अवयव सामाईक असू शकत नाही, आणि वरच्या दोन याद्या ताडून पाहिल्यास तसेच दिसते. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागल्यास ६१ चे वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत अचूक मिळते : ७.८१०२४९६७५९०६६५४३९.

वर्गांची बेरीज

हा भाग मी वर्गात सर्वांत शेवटी घेतो आणि त्यावर सर्वाधिक वेळ देतो.

आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे काय? चारने भागल्यास तिची बाकी १ उरते, त्यामुळे पहिल्या नजरेत तसे वाटण्याचा संभव आहे. परंतु ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चौघांचीही बाकी ३ आहे. असे अवयव सम वेळा आले तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते, आणि येथे प्रत्येक जण एकदाच आला आहे. म्हणून उत्तर नाही असे आहे. बाकी १ आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मुलांच्या मनावर ठसवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तीन वर्गांची बेरीज मात्र ती आहे आणि त्यासाठी काही शोधावेही लागत नाही : २९,७१८ चा वर्ग, पुन्हा २९,७१८ चा वर्ग आणि १. कनिष्ठाला तीन वर्गही पुरत नाहीत. त्याला ४ ने भागल्यास ५,६५,३८,४९५ येतात, त्याची ८ ने भागल्यावर बाकी ७ आहे, आणि अशा संख्यांना चार वर्ग लागतातच. चार वर्ग प्रत्येक पूर्ण संख्येला पुरतात, हे लाग्रांज याने १७७० मध्ये सिद्ध केले.

आता ८ ने भागून पाहावे. चारही अवयवांची बाकी ३ आहे. अशी प्रत्येक मूळ संख्या ‘एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट’ या रूपात लिहिता येते :

११ = ३ × ३ + २ × १ × १
५९ = ३ × ३ + २ × ५ × ५
१५२३ = ३९ × ३९ + २ × १ × १
१७८७ = २७ × २७ + २ × २३ × २३

भावनेची कृती येथेही चालते, फक्त प्रकृती ६१ ऐवजी −२ घ्यावी. जोडणी दोन प्रकारे होते, एकदा अधिक आणि एकदा उणे चिन्ह घेऊन. ११ आणि ५९ यांच्यापासून ६४९ होतात आणि त्यांची (१, १८) व (१९, १२) अशी दोन रूपे मिळतात : १ + २ × ३२४ आणि ३६१ + २ × १४४. (हे ६४९ प्रकृती १३ चे ज्येष्ठ आहेत; ६४९ × ६४९ − १३ × १८० × १८० = १ हे पडताळून पाहावे.) १५२३ आणि १७८७ यांच्यापासून २७,२१,६०१ ची (१००७, ९२४) व (१०९९, ८७०) अशी दोन रूपे मिळतात. आता (१९, १२) आणि (१०९९, ८७०) यांची उणे चिन्हाची भावना करावी :

१९ × १०९९ − २ × १२ × ८७० = २०,८८१ − २०,८८० = १
१९ × ८७० + १२ × १०९९ = १६,५३० + १३,१८८ = २९,७१८

म्हणजे ज्या रूपापासून आपण निघालो होतो, १ + २ × (२९,७१८ चा वर्ग), ते अवयवांच्या बाजूने पुन्हा हाती आले. एकूण अशी आठ रूपे आहेत. (१, १८) आणि (१००७, ९२४) यांच्यापासून मिळणारे एक येथे देतो, उरलेली सहा वाचकांनी काढावीत : ३२,२५७ चा वर्ग १,०४,०५,१४,०४९ आणि १९,०५० च्या वर्गाची दुप्पट ७२,५८,०५,०००, बेरीज १,७६,६३,१९,०४९.

दुसरी संख्या घेऊन हात बसवायचा असल्यास भास्कराचार्यांनी ६१ बरोबरच दिलेले ६७ चे उदाहरण घ्यावे. तेथे ज्येष्ठ ४८,८४२ आणि कनिष्ठ ५९६७ आहे. ज्येष्ठ सम असल्याने शेजाऱ्यांचे निम्मे करण्याची गरज नाही : ४८,८४१ हा २२१ चा वर्ग आहे आणि ४८,८४३ ही २७ च्या वर्गाची ६७ पट आहे. म्हणजे ही संख्या २२१ च्या वर्गात १ मिळवून झाली आहे, आणि म्हणून तिचे २ सोडून बाकीचे मूळ अवयव ४ ने भागल्यास १ च बाकी ठेवणारे असतील. २ ने भागून उरलेल्या २४,४२१ चे वर्गमूळ १५६ च्या थोडे पुढे आहे. ५, १३, १७, २९ या क्रमाने सुरुवात करावी आणि १४९ पर्यंत जावे.